ऑइल फिल्टर बदलल्यावर तिसऱ्या दिवशी फोंडा घाटात लाल दिवा, नेमकं चुकलं कुठे?

खळ्यातली तुळस (मिठबाव)

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला नीट उत्तर देता येणार नाही.

गाडी वॅगनआर, पेट्रोल, २०१२ची. वडिलांनी घेतलेली, ते गेल्यापासून मीच चालवते. माझी शाळा देवगडला, त्यामुळे रोजचं जाणं-येणं कुणकेश्वरवरून. म्हणजे गाडी रोज थोडीथोडी धावते आणि उरलेला दिवस खाऱ्या वाऱ्यात उभी असते. आईचे डोळे तपासायला कोल्हापूरला जायचं होतं, म्हणून आदल्या गुरुवारी वाटेवरच्या एका गॅरेजमध्ये ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलून घेतला. मी शाळेत होते. संध्याकाळी गाडी घेतली, पैसे दिले, घरी आले. शुक्रवारी शाळेला नेली, काही त्रास नाही.

शनिवारी पहाटे साडेपाचला निघालो. नांदगाव तिठ्यावर चहा घेतला. फोंडा मागे पडलं, घाटाचा चढ सुरू झाला आणि एका वळणावर तेलाच्या किटलीचा लाल दिवा क्षणभर लागून विझला. पुढच्या वळणावर पुन्हा तसंच. तिसऱ्या वळणावर लागला तो विझेना. बाबा नेहमी सांगायचे, "लाल दिवो लागलो काय गाडी थयच बंद करूची, पुढचां झाड गाठूचां नाय." मी कडेला घेतली आणि चावी फिरवली. खाली वाकून बघते तर इंजिनाखालून मधाच्या रंगाचं ताजं ऑइल गळत होतं, आणि आम्ही आलो त्या रस्त्यावर ओली रेघ उठलेली. ऑइल मोजायची पट्टी काढून बघितली, टोकाला थेंबसुद्धा नाही. आई गाडीत बसून राहिली होती, तिला काय सांगावं मला सुचेना. डॉक्टरांची वेळ गेली ती गेलीच. दोन महिन्यांनी मिळालेली होती ती.

गाडी टेम्पोने ओढून आणली, आता खळ्यात उभी आहे. गॅरेजवाले म्हणतात, "फिल्टरच खराब निघाला असेल, आणा, दुसरा लावून देतो." पण मला आता नुसतं लावून नको आहे, कळून घ्यायचं आहे. हा फिल्टर आत करतो काय, दोन दिवस न गळता तिसऱ्या दिवशी एकदम धार कशी लागते, इंजिन खराब झालं असेल का ते कसं ओळखायचं, आणि हे काम माझं मला घरी करता येईल का? पान्यांची पेटी बाबांची आहे, सगळी जागच्या जागी. गाडी उचलायला खळ्यात जांभ्याचे चिरे रचून ठेवायचा विचार होता.

निवृत्त मेकॅनिक (कुडाळ)

बाई, पहिली गोष्ट, गाडी चिऱ्यांवर ठेवायची नाही. भिंतीत चिरा वर्षानुवर्षं भार सोसतो कारण तो चारी बाजूंनी बांधलेला आणि सपाट दाबलेला असतो. गाडीचा भार एका कोपऱ्यावर आला की तोच चिरा काही इशारा न देता मधोमध फुटतो. जॅकवरच्या गाडीखालीसुद्धा जायचं नाही. लोखंडी घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड) कुणाकडून तरी आणा, मागच्या चाकांना ओंडके लावा, हँडब्रेक ओढा, मगच खाली जा. हे आधी लिहिलं कारण बाकी सगळ्या चुका दुरुस्त होतात.

दुसरं, दिवा विझेना म्हटल्यावर तुम्ही गाडी तिथेच बंद केलीत, त्यामुळे इंजिन वाचलेलं असण्याची शक्यता पुष्कळ आहे. एस.टी.च्या कार्यशाळेत तीस वर्षं इंजिनं उघडली. जळालेल्या बेअरिंगांमागची हकिकत बहुतेक वेळा हीच असायची की "म्हटलं, पुढचं गाव गाठू."

आता तुमचा प्रश्न. माझा संशय एकाच ठिकाणी जातो. तो नवा फिल्टर सोडवा आणि त्याच्या तोंडाशी रबराच्या किती रिंगा आहेत ते मोजा. इंजिनाच्या ज्या तोंडावर तो बसतो तिथेही बोट फिरवून बघा. मला वाटतं, मिळून दोन निघतील.

कसं ते सांगतो. तुमच्या गाडीचा फिल्टर म्हणजे आट्यांवर फिरवून बसवायचा पत्र्याचा डबा. त्याच्या तोंडाकडच्या जाड चकतीला कडेने बारीक भोकं असतात आणि मधोमध एक आटे पाडलेलं मोठं भोक. खाली चेंबरमधलं, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या टाकीतलं ऑइल पंप ओढतो आणि कडेच्या भोकांतून डब्यात ढकलतो. आत घडीघडीचा कागद गोल उभा केलेला असतो. ऑइल त्या कागदाच्या बाहेरून आत झिरपतं, किटण आणि धातूचा चुरा बाहेर अडकतो, गाळलेलं ऑइल मधल्या भोकातून क्रँककडे, बेअरिंगांकडे, वर कॅमकडे, म्हणजे फिरणाऱ्या भागांकडे जातं. सोलकढीसाठी नारळाचा रस फडक्यातून गाळतात तसंच. फरक एवढाच की हे फडकं वर्षभर न धुता तसंच वापरायचं असतं. फडकं चोंदलं की रस उतरत नाही आणि वरून ओसंडतो. फिल्टरमध्ये त्यासाठी एक स्प्रिंगची झडप ठेवलेली असते. कागद चोंदला की ती उघडते आणि ऑइल न गाळताच पुढे जातं. इंजिन कोरडं पडण्यापेक्षा मळकं ऑइल परवडलं, हा त्यामागचा विचार. म्हणून फिल्टर चोंदल्यावर दिवा लागेल अशी वाट बघू नका, तो बहुतेक लागत नाहीच. इंजिन मुकाट्याने झिजत राहतं.

आत आणखी एक रबराची पातळ चकती असते. कडेच्या भोकांवर ती आतून झाकणासारखी बसते आणि गाडी बंद असताना डब्यातलं ऑइल परत खाली ओघळू देत नाही. हलक्या मालात हे रबर लवकर कडक होतं. मग सकाळी पहिल्या स्टार्टला, दाब येईपर्यंत दोन-तीन सेकंद वरून खडखड ऐकू येते. नवा फिल्टर विकत घेताना पेन्सिलीच्या मागच्या टोकाने ही चकती हलकेच दाबून बघा. मऊ असावी, दाब सोडला की जागेवर यावी.

आणि सगळ्यात बाहेर ती मोठी रिंग, डबा आणि इंजिन यांच्यामधली. बाई, सगळा खेळ हिचा आहे. वर्षभर तापून जुन्या फिल्टरची रिंग इंजिनाच्या तोंडाला चिकटते. डबा फिरवून काढला की डबा हातात येतो आणि रिंग वरच राहते. काळी रिंग, काळं किटण, खाली अंधार, दिसत नाही. घाईतल्या माणसाने तिच्यावरच नवा फिल्टर नव्या रिंगेसकट आवळला, की दोन रिंगा एकावर एक. डब्याला खाच एकाच रिंगेपुरती असते, दुसरीला धरायला कड नाही. साध्या रस्त्यावर ती दाबून बसते, थेंब गळत नाही. घाटात इंजिनाने जोर केला, फेरे वाढले, ऑइलचा दाब चढला, की ती एका बाजूला सरकते. मग पंप स्वतःच ऑइल रस्त्यावर ओततो. तुमच्या इंजिनात मुळात ऑइल तीन लिटरच्या आसपास, ते संपायला किती वेळ लागणार?

दिवा वळणावरच का लुकलुकला तेही बघा. चेंबरमध्ये ऑइल उणं झालं होतं. चढाला, वळणाला ते एका बाजूला गेलं, पंपाची जाळी उघडी पडली आणि पंपाने हवा ओढली. हा दिवा दाब सांगतो, पातळी सांगत नाही. पातळी सांगणारी पट्टीच, आणि ती आठवड्यातून एकदा काढून बघण्याला दुसरा पर्याय नाही.

घरी करता येईल का? येईल. एरवी ऑइल बदलताना इंजिन पाच मिनिटं चालवून कोमट करतात, कढत नको; पण तुमच्या गाडीत आत्ता ऑइलच नाही, तेव्हा ती नवं ऑइल भरेपर्यंत स्टार्ट करू नका. चेंबरचा बोल्ट सोडा, ऑइल परातीत घ्या. बोल्टचं वायसर दर वेळी नवं टाका, दहा-वीस रुपयांची वस्तू आहे. फिल्टर हाताने सुटत नसेल तर पट्टा पाना वापरा, तो नसला तर डब्याभोवती खरखरीत पॉलिश पेपर गुंडाळून पिळा. डब्यात स्क्रू ड्रायव्हर आरपार ठोकून पिळायची रीत सर्रास दिसते. डबा फाटतो, तोंड इंजिनालाच राहतं आणि काम दुप्पट होतं. डबा निघाला की रिंग त्याच्या तोंडावर आहे का ते आधी बघायचं, मग तो खाली ठेवायचा. नसेल तर ती वर आहे. इंजिनाचं तोंड कोरड्या फडक्याने पुसा. नव्या रिंगेला बोटाने नवं ऑइल लावा, कोरडी लावली तर आवळताना ती मुरगळते. डबा हाताने फिरवत न्या. रिंग टेकली असं जाणवेल, तिथून पुढे पाऊण फेरी. बहुतेक डब्यांवर हे छापलेलंही असतं. पान्याने करकचून आवळू नका.

ऑइल कुठल्या ग्रेडचं आणि किती ते गाडीच्या पुस्तिकेत आहे, तेच घ्या. भरल्यावर स्टार्ट करा, रेस देऊ नका, दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. खाली बघा, कोरडं असेल तर बंद करून पाच मिनिटांनी सपाटीवर पट्टी बघा. नव्या फिल्टरने थोडं ऑइल पोटात घेतलेलं असतं, तेवढं वरून घाला. पट्टीच्या वरच्या खुणेपलीकडे मात्र जाऊ देऊ नका.

इंजिनाचं म्हणाल तर आधी हे करून बघा. चालू झाल्यावर खालून ठकठक असा जड आवाज आला तर गाडी बंद करून मला लिहा. आणि तो काढलेला फिल्टर टाकू नका.

खळ्यातली तुळस

काका, दोन निघाल्या.

आत्ता वरून हात घालून डबा सोडवला. एक रिंग त्याच्या खाचेत होती. दुसरी इंजिनाच्या तोंडाला अर्धी चिकटलेली, अर्धी बाहेर लोंबत होती, चपटी होऊन तडकलेली. दोन्ही फोटो काढून ठेवले आणि गॅरेजमध्ये नेऊन दाखवले. त्यांनी मान्य केलं, टेम्पोचं भाडं आणि ऑइलचे पैसे परत दिले. ज्याने काम केलं तो मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. त्याला मी तुमचं "डबा निघाला की रिंग त्याच्या तोंडावर आहे का ते आधी बघायचं" हे वाक्य वाचून दाखवलं. त्याने ते मोबाइलमध्ये उतरवून घेतलं.

फिल्टर का टाकायचा नाही?

घाटातला डिझेलवाला (चिपळूण)

काका येईपर्यंत मी माझं सांगतो, कारण ज्यांच्याकडे १.३ लिटर डिझेल इंजिनाची गाडी आहे त्यांचा घोटाळा वेगळा आहे. मी कुंभार्लीतून कराडला भाडी मारतो, आठवड्याला तीन-चार खेपा.

आमच्या इंजिनाला पत्र्याचा डबा नाही. इंजिनालाच घर केलेलं असतं, त्यावर प्लास्टिकचं टोपण आणि आत नुसता कागद. बदलताना कागद आणि टोपणाची रबरी ओ-रिंग, दोन्ही नवं. ओ-रिंग नव्या फिल्टरच्या खोक्यातच येते. जुनी काढायला आळस केला तर टोपणाच्या कडेने ऑइल पाझरतं. टोपणाला दोन खाचा दिसतात, रिंग कुठल्या खाचेत होती ते काढण्याआधी बघून ठेवा. आणि प्लास्टिक आहे हे लक्षात ठेवून आवळा, मोठा हँडल घालून पिळलं की तडा जातो. टोपण थोडं सैल करून जरा थांबलं की आतलं ऑइल खाली उतरतं, सगळीकडे सांडत नाही.

पण खरी फसवणूक वेगळीच. डबा बदलला तर बाहेरून नवा दिसतो. कागद बदलला की नाही हे टोपण उघडल्याशिवाय कळत नाही. माझ्या गाडीत मी पैसे मोजून 'बदललेला' कागद पुढच्या वेळी स्वतः उघडला, तर घड्या एकमेकींना चिकटून, मधे फाटून, आतल्या नळीला लगटलेला. वर्षाचा नव्हता तो, दोन वर्षांचा तरी असेल. आधी कुणी केलं ते आता शोधून उपयोग नाही. तेव्हापासून मी कागद माझा घेऊन जातो आणि जुना हातात घेतल्याशिवाय बिल देत नाही.

आणि ताई, डिझेलचं ऑइल बदलल्यावर दुसऱ्या दिवशी काळं दिसलं तर घाबरू नका असं तुमच्या ओळखीतल्या डिझेलवाल्यांना सांगा. काजळी असते ती. माझ्याकडे पाहुणे येऊन "ऑइल बदललंच नाही" म्हणून भांडलेत.

निवृत्त मेकॅनिक (कुडाळ)

फिल्टर ठेवायला सांगितला तो कापण्यासाठी. तोंडाकडच्या चकतीच्या जरा मागे हॅक्सॉने गोल कापा. कापताना पडणारा कीस आत जाऊ देऊ नका, नाहीतर तोच बेअरिंगचा चुरा वाटेल. कागद सुरीने सोडवा, घड्या उलगडून वर्तमानपत्रावर ठेवा, ऑइल निथळू द्या आणि उन्हात तिरपा धरून बघा. नुसतं काळं किटण असलं तर काळजी नाही. किनाऱ्यावरच्या वाळूत अभ्रक चमकतं तसे कण दिसले तर आधी लोहचुंबक फिरवा. चुंबकाला लागले तर लोखंड. न लागणारे चंदेरी किंवा तांबूस कण जास्त वाईट, ते बेअरिंगच्या अस्तराचे असतात. तुमच्या या फिल्टरमध्ये तीनच दिवसांचा माल आहे, त्यामुळे त्यात जे दिसेल ते घाटातल्या या प्रसंगातलंच असेल. वर्ष जुन्या फिल्टरमध्ये अशी उकल होत नाही, ती तुम्हाला आयती मिळाली आहे.

आणखी एक, कोकणातल्यांसाठी. तुमची गाडी वर्षाला फार किलोमीटर करत नाही. १०,००० किलोमीटर की १२ महिने, यांत जे आधी भरेल ते, आणि तुमचे महिनेच आधी भरणार. पावसाळ्यात छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही, आतलं बाष्प उडून जात नाही. ऑइल भरायचं झाकण उघडलं की आतून पांढरट साय दिसते. पट्टीवरचं ऑइल स्वच्छ असेल तर ती दमटपणाची साय, महिन्यातून दोनदा गाडी तासभर लांब न्या. पट्टीवरचंच ऑइल दुधाळ झालं असेल तर मात्र पाणी आत येतंय, तेव्हा गाडी चालवू नका. पत्र्याच्या डब्याला खाऱ्या हवेने गंज धरतो. पाऊस संपला की एकदा बॅटरीच्या उजेडात डबा बघून घ्या.

काजूवाला (वेंगुर्ला)

परातीतल्या ऑइलचं काय करायचं ते कुणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो.

आमच्याकडे जळकं ऑइल वाशांना, बेड्याला वाळवी लागू नये म्हणून फासायची जुनी पद्धत आहे, आणि उरलेलं माडाच्या मुळात किंवा गडग्यापलीकडे ओतायची. ओततात ते वाईट मनाने नव्हे, जमीन पिऊन टाकते असं वाटतं म्हणून. पण आपली जमीन जांभ्याची. जांभा भोकाभोकांचा, वर ओतलेलं खाली जायला वेळ लागत नाही. आमच्या वरच्या अंगाला एका शेजाऱ्याने गोठ्यामागे दोन-तीन वर्षं ट्रॅक्टरचं ऑइल ओतलं. जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला आणि आमच्या बावीच्या पाण्यावर रंगीत तवंग आला. पंप लावून बाव उपसली, पुन्हा तवंग. ते पूर्ण वर्ष प्यायचं पाणी खालच्या वाडीतून हंड्याने आणलं. माझी आई तेव्हा सत्तरीची होती.

२०१६च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं ऑइल घातक कचरा म्हणून धरलेलं आहे. आणि ते फुकट जात नाही, कारखान्यात शुद्ध करून त्याचं पुन्हा वंगण होतं. १ एप्रिल २०२४ पासून तर नवं ऑइल बनवणाऱ्या कंपन्यांवरच वापरलेलं परत गोळा होईल हे बघायची जबाबदारी आहे. तुम्ही करायचं एवढंच, नव्या ऑइलच्या रिकाम्या कॅनमध्ये जुनं भरायचं, पाणी किंवा पेट्रोल त्यात मिसळायचं नाही, आणि ज्या गॅरेजमध्ये बॅरल भरून उचलायला गाडी येते तिथे द्यायचं. जुना फिल्टरसुद्धा तोंड खाली करून रात्रभर निथळत ठेवा. त्यातूनही बरंच निघतं.

खळ्यातली तुळस

रविवारी केलं. सकाळी आठला सुरुवात, साडेदहाला हात धुतले. घोड्या त्याच गॅरेजमधून आणल्या. तो मुलगाही आला होता, पण मी त्याला हात लावू दिला नाही, तो नुसता बाजूला उकिडवा बसून बघत होता. आईने खळ्यात खुर्ची टाकली आणि बॅटरी धरली.

चेंबरचा बोल्ट सोडला, होतं तेवढं निघालं. इंजिनाचं तोंड पुसताना बोट गोल फिरवलं तर एका जागी रिंगेचा जळका तुकडा अजून चिकटलेला लागला, नखाएवढा. डोळ्यांना तो दिसलाच नव्हता. नखानेच सोडवला, पान्याने खरवडलं असतं तर ओरखडा पडला असता असं वाटलं. नवी रिंग ऑइल लावून बसवली, टेकल्यावर डब्यावर खडूने रेघ मारली आणि मोजून पाऊण फेरी दिली. स्टार्ट केल्यावर दिवा विझला. मी मनात अंक मोजत होते, चारला विझला. ठकठक नाही. खाली वर्तमानपत्र पसरलं होतं, अर्ध्या तासाने काढलं तेव्हा कोरडं होतं.

काका, फिल्टर कापला. घड्या उन्हात धरल्या. थोडं काळं होतं, चमक कुठेच नव्हती. चुंबकही फिरवला, काही लागलं नाही. निथळलेलं ऑइल कॅनमध्ये भरून त्या मुलाकडेच दिलं, त्यांच्याकडे बॅरल आहे.

डॉक्टरांनी पुढच्या शुक्रवारची वेळ दिली आहे. त्याच रस्त्याने जाणार. फोंड्याला एकदा आणि दाजीपूरला एकदा थांबून खाली वाकून बघेन, पट्टीही बघेन.

निवृत्त मेकॅनिक (कुडाळ)

दाजीपूरला थांबाल तेव्हा पट्टी लगेच काढू नका, पाच मिनिटं थांबा, आणि गाडी सपाटीवर उभी करा. तिथे रस्त्याला कल आहे.

खळ्यातली तुळस

शुक्रवारी रात्री घरी आलो, म्हणून आत्ता लिहिते. फोंड्याला कोरडं. दाजीपूरला सपाट जागा शोधून दहा मिनिटं थांबलो, पट्टी वरच्या खुणेला जराशी खाली, निघताना होती तिथेच. आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलं आहे.